एक्स अक्ष डावीकडे का सरकत होता

मित्राने लाकडी ट्रे माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "डाव्या भिंतीवरून नख फिरव, मग उजव्या." डावी भिंत गुळगुळीत होती. उजव्या भिंतीवर नखाला पायऱ्या लागत होत्या. मोजल्या, पाच निघाल्या. खाच १२ मिमी खोल, २ मिमीचे सहा पास (पास म्हणजे कटरने एका खोलीवर केलेलं कोरकाम), आणि त्या सहा पासांच्या मध्ये या पाच पायऱ्या. भिंगातून पाहिलं तर सगळ्या सारख्याच रुंदीच्या.

ट्रे कोरणारं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कटर फिरवणारं, त्याचं, पण कंट्रोल बॉक्सची वायरिंग माझ्या हातची. त्यामुळे हा प्रश्न मी घरी घेऊन गेलो असं म्हटलं तरी चालेल. तीन संध्याकाळी गेल्या. त्यातली पहिली जवळजवळ वाया गेली, ती का गेली हेही सांगतो.

मशीन असं आहे: आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर ग्रबल १.१ हे मशीन चालवणारं फर्मवेअर. तीन डिजिटल स्टेपर ड्रायव्हर (बोर्डच्या प्रत्येक पल्सला मोटर एक स्टेप फिरवणारे), ३६ व्होल्टचा सप्लाय, २.८ अँपिअरच्या नेमा २३ आकाराच्या स्टेपर मोटर. एक्स (डावी-उजवी) आणि वाय (मागे-पुढे) अक्षांना १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा. झेडला (वर-खाली) १२०४, एका फेऱ्यात ४ मिमीचा. ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर लावलेले, म्हणजे प्रत्येक पूर्ण स्टेपचे आठ तुकडे करणारे. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप, ५ मिमी फेरा. तेव्हा $१०० या ग्रबलच्या एक्ससाठीच्या सेटिंगमध्ये ३२० स्टेप प्रति मिमी. झेडला ४००. कमाल वेग ३००० मिमी प्रति मिनिट.

एकाच भिंतीवर पायऱ्या का, हे आधी उलगडून घेतलं. कटर सरळ दांड्याचा आहे. खालचा पास डावीकडे सरकला तर तो डाव्या बाजूला वरची भिंतही सोबत सोलत जातो, म्हणून तिथे खूण उरत नाही. उजवीकडे उलट होतं: खालचा पास आधीच थांबतो आणि वरच्या पासने काढलेली कड तशीच राहते. म्हणजे मशीन प्रत्येक पासला थोडं थोडं डावीकडे जात होतं. मित्राने फिनिशिंग पास (शेवटी पूर्ण खोलीवर भिंत साफ करणारा) ठेवला नव्हता, म्हणून भिंतीने हा सगळा हिशोब जपून ठेवला. फिनिशिंग पास असता तर शेवटी फक्त एक वाकडा ट्रे हातात आला असता आणि आम्ही अंदाज करत बसलो असतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. ड्रायव्हरचा करंट एक खूण वाढवला. प्रवेग निम्मा केला. कमाल वेग १५०० वर आणला. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळले. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलची केबल मोटरच्या केबलपासून लांब बांधली. एकामागून एक, मध्ये न मोजता. शेवटी तोच प्रोग्रॅम लाकडाशिवाय चालवला, झिरोवर परत आणला आणि डायल गेज (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत सरकणं दाखवणारं काट्याचं मापक) पाहिलं: ०.९७ मिमी डावीकडे. आधीही ०.९७ होतं.

त्या क्षणी मी वैतागलो होतो. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की आदल्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण तेच होतं. वेग निम्मा, प्रवेग निम्मा, करंट जास्त, स्पिंडल बंद, लाकूड नाही, आणि तरी आकडा शंभराव्या भागापर्यंत तोच. जोर कमी पडून चुकणारी मोटर इतकी इमानदार नसते.

आणि जोर कमी पडण्याबद्दल एक नेमकी गोष्ट आहे जी फार कमी लोक वापरतात. नेहमीच्या २०० स्टेपच्या मोटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, ५० दात असतात. रोटर चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडला की तो मधेच कुठेतरी थांबत नाही; पुढच्या स्थिर जागी जाऊन बसतो, आणि ती जागा एक दात, म्हणजे चार पूर्ण स्टेप, म्हणजे ७.२ अंश दूर असते. ५ मिमीच्या स्क्रूवर त्याचे होतात ०.१ मिमी. थोडक्यात, या मशीनवर मोटर अडखळली तर चूक ०.१, ०.२, ०.३ अशा टप्प्यांनीच येईल.

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी आम्ही कुठल्याही सेटिंगला हात लावला नाही. प्रोग्रॅमचे सहा पास वेगवेगळे केले, प्रत्येकानंतर झिरोवर आणून गेज वाचलं आणि वहीत लिहिलं: ०.१६, ०.३२, ०.४९, ०.६५, ०.८१, ०.९७. प्रत्येक पासला सोळाच्या आसपास. ०.१ च्या पाढ्यात हे बसत नाही. मोटर अडखळत नाही, हे इथे संपलं.

कपलिंगवर आदल्या दिवशी मार्करने एक रेघ मारली होती, मोटरच्या दांड्यापासून कपलिंगवरून थेट स्क्रूवर. रेघ अखंड होती. म्हणजे कपलिंग घसरलं नाही; मोटरचा दांडा स्वतःच तेवढा जास्त फिरला होता. बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) असता तर तो साठत गेला नसता, शिवाय झिरोवर आम्ही दर वेळी उजवीकडूनच येत होतो. स्टेप प्रति मिमी चुकीचं असतं तर लांबी चुकली असती, झिरो नाही. आणखी एक शंका मित्राने काढली, चांगली होती: ग्रबल $१ च्या सेटिंगप्रमाणे थांबल्यावर मोटर सोडून देतं, आणि पुन्हा पकडताना रोटर जरा बाजूला बसतो, तसं होतंय का? पण या मशीनवर मोटर धरायला-सोडायला सांगणारी एनेबलची वायर मी जोडलेलीच नाही. मोटर कायम धरलेल्या असतात. तीही शंका मिटली.

मग उरलं काय? चूक नियमित आहे, वेगावर अवलंबून नाही, भारावर अवलंबून नाही. मग ती कशावर अवलंबून आहे?

मी एक छोटा जी-कोड (मशीनला हालचाली सांगणारा प्रोग्रॅम) लिहिला: एक्स १० मिमी उजवीकडे, परत झिरोवर, शंभर वेळा. गेज डाव्या टोकाला, झिरोवर येताना कॅरेज त्याच्या टोकाला दाबेल असं बसवलं. शंभर फेऱ्यांनंतर काटा ६२ आणि ६३ च्या मध्ये, म्हणजे सुमारे ०.६२५ मिमी. तीच फाइल १०० मिमीच्या फेऱ्यांनी चालवली, म्हणजे दहापट अंतर. काटा पुन्हा ६२ आणि ६३ च्या मध्ये. दहाच फेऱ्या चालवल्या तर सहा. अंतराशी संबंध नाही. संबंध आहे तो दिशा किती वेळा बदलली याच्याशी.

०.६२५ ला १०० ने भागलं की एका फेरीला ०.००६२५ मिमी येतात. एक मायक्रोस्टेप म्हणजे १ भागिले ३२०, म्हणजे ०.००३१२५ मिमी. एका जाण्या-येण्यात नेमके दोन मायक्रोस्टेप. ट्रेचा हिशोबही जुळला: प्रत्येक पासात ५० रेघांच्या २५ फेऱ्या आणि कडेची एक, अशा २६. २६ गुणिले ०.००६२५ म्हणजे ०.१६२५. भिंतीवरची पायरी तीच.

मला हा क्षण फार आवडतो, म्हणून त्यावर आणखी एक खातरजमा केली. ड्रायव्हरवरचे छोटे डिप स्विच १६ मायक्रोस्टेपवर नेले, $१०० ६४० केलं, वेग १५०० वरच ठेवला (३००० ला सेकंदाला ३२,००० पल्स लागतील आणि ऊनोवर ग्रबल ३०,००० च्या आसपास दमतं). शंभर फेऱ्या. काटा ३१ वर. चूक निम्मी झाली. यंत्राच्या जोडणीतला कुठलाही दोष डिप स्विच बदलल्याने निम्मा होत नाही. चूक मिलिमीटरमध्ये होत नव्हती, पल्समध्ये होत होती.

इथून पुढचं काम डायल गेजचं नव्हतं, ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाचं होतं. त्यात वेळेची आकृती असते. बहुतेक जण ती ओलांडून करंटच्या तक्त्याकडे जातात. मीही वायरिंग करताना तेच केलं होतं. आकृती सांगते की पल्स येण्याच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी दिशेची वायर (ड्रायव्हरला एक वायर पल्सची, एक दिशेची) स्थिर झालेली असली पाहिजे. पल्स किमान २.५ मायक्रोसेकंद रुंद हवा. आणि स्टेप मोजला जातो तो पल्सच्या इनपुटमधला ऑप्टोकपलर (एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे पोचवणारा भाग) पेटतो त्या कडेला.

ग्रबल काय करतं? दिशेचा पोर्ट लिहितं आणि पुढच्याच सूचनांमध्ये स्टेपचा पोर्ट लिहितं. १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर या दोन्हींमधलं अंतर एका मायक्रोसेकंदाच्याही आत असतं. आमच्याकडे आठ चॅनलचा साधा लॉजिक अॅनालायझर होता, तो पिनांवर लावून पाहिला: पडद्यावर दोन्ही कडा जवळपास एकावर एक. ड्रायव्हर पाच मायक्रोसेकंद मागतो, त्याला एकही मिळत नाही.

आता एक गोष्ट इथे खटकायला हवी. दिशा उशिरा पोचत असेल तर दिशा बदलल्यावरचा पहिला स्टेप जुन्या दिशेने जाईल. डावीकडून उजवीकडे वळताना एक स्टेप डावीकडे चुकेल, परत वळताना एक स्टेप उजवीकडे. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील आणि झिरो जागेवर राहील. मग ते का सरकतं?

कारण ऑप्टोकपलर दोन्ही बाजूंना सारखा चपळ नसतो. त्यातला एलईडी पेटला की ट्रान्झिस्टर लवकर चालू होतो. एलईडी विझल्यावर मात्र पूर्ण चालू असलेला ट्रान्झिस्टर आत साठलेला भार सोडून बंद व्हायला बराच जास्त वेळ घेतो. पल्सच्या इनपुटला सहसा जलद ऑप्टो वापरतात, दिशेला साधा चालतो असं धरलं जातं. परिणाम असा की दिशेची वायर वर जाते तेव्हा ती कशीबशी वेळेत पोचते, खाली येते तेव्हा पल्स तिच्या आधी पोचून गेलेला असतो. ग्रबलमध्ये $३ ला, म्हणजे दिशा उलटी करण्याच्या सेटिंगला, हात लावला नसेल तर दिशेची पिन वर म्हणजे ऋण (इथे डावी) दिशा. ऋण दिशेला वळताना सगळं ठीक. धन दिशेला वळताना पहिला स्टेप ऋणच जातो. एक स्टेप जायला हवा होता उजवीकडे, गेला डावीकडे; फरक दोनचा. दर फेरीला दोन मायक्रोस्टेप, नेहमी डावीकडे. वहीतला प्रत्येक आकडा या एका वाक्यातून निघतो.

हे तर्काने पटलं होतं, पण हाताने उलटून पाहायचं होतं. डिप स्विच आणि $१०० आधीच पहिल्यासारखे केले होते. सप्लाय बंद केला, थोडं थांबलो (ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नये, ड्रायव्हर जळतो), मोटरच्या एका कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली, आणि $३ मध्ये एक्सची दिशा उलटी केली. दोन उलट्यांनी मशीन पूर्वीसारखंच चालतं, उजवं ते उजवंच. फक्त पिनची वर-खालीची भाषा बदलते. माझं म्हणणं बरोबर असेल तर आता चूक उजवीकडे जायला हवी. शंभर फेऱ्या. गेज डावीकडे असल्याने कॅरेज त्याच्यापासून दूर सरकलं आणि काटा उलटा फिरला, ०.६२ वर थांबला. मित्राने त्याचा फोटो काढून ठेवला आहे. मग वायरी जागेवर परत, $३ही.

एकच प्रश्न मला छळत होता. माझ्या स्वतःच्या मशीनवर हेच ड्रायव्हर, हेच ग्रबल, हीच सेटिंग्ज आहेत. सेटिंग्जची ती फाइल मी जशीच्या तशी त्याच्याकडे उतरवली होती. माझं मशीन का सरकत नाही?

उत्तर वायरिंगमध्ये होतं. माझ्या मशीनवर ड्रायव्हरची सगळी धन टोकं ५ व्होल्टला जोडलेली आहेत आणि पिन ऋण टोकांवर आहेत. तिथे पिन खाली असते तेव्हा ऑप्टो पेटलेला असतो. ग्रबल पल्स देताना पिन वर नेतं, तेव्हा ऑप्टो विझतो, आणि पल्स संपताना पिन खाली येते तेव्हा पेटतो. म्हणजे ड्रायव्हर स्टेप मोजतो तो पल्सच्या शेवटी, दिशा लिहिल्यानंतर पूर्ण पल्सभराच्या अवधीने. मला न मागता १० मायक्रोसेकंद मिळाले होते. मित्राच्या ब्रेकआउट बोर्डवर (वायरी जोडायच्या बोर्डवर) ग्राउंड एकत्र होतं, म्हणून मी ऋण टोकं ग्राउंडला आणि पिन धन टोकांना जोडल्या. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण दुसऱ्या पद्धतीत ऑप्टो पल्सच्या सुरुवातीलाच पेटतो आणि दिशेला मिळालेली ती सवलत नाहीशी होते. सेटिंग्ज उतरवताना वायरिंगची पद्धत वेगळी आहे हे मला माहीत होतं, आणि त्याचा सेटिंगशी काही संबंध आहे हे मला सुचलं नाही. चूक माझी, ड्रायव्हरची नाही आणि ग्रबलचीही नाही.

उपाय दोन आहेत. ग्रबलच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिशा आणि स्टेप यांच्यात मुद्दाम थांबण्याचा पर्याय आहे. तो उघडून पुन्हा कंपाइल करून बोर्डवर चढवायचा. किंवा $२ ने स्टेपचा पल्स उलटा करायचा: पिन एरवी वर, पल्स म्हणजे खाली. मग ऑप्टो पल्सच्या शेवटी पेटतो, माझ्या मशीनसारखाच. आम्ही दुसरा घेतला, कारण तो एका ओळीचा आहे आणि उद्या मित्राने फर्मवेअर बदललं तरी त्याला तो सेटिंगच्या यादीत दिसत राहील. $२ हा बिटांचा आकडा आहे: एक्सचा १, वायचा २, झेडचा ४. आधी फक्त एक्ससाठी $२=१ केलं. शंभर फेऱ्या. काटा निघाला तिथेच परत आला. पाचशे फेऱ्या लावून चहाला उठण्याऐवजी दोघेही गेजसमोर बसून राहिलो. झिरो.

एक बारीक गोष्ट राहिली. पल्स उलटा केल्यावर $० मधली पल्सची रुंदी हीच दिशेला मिळणारी मोकळीक होते. तिथे १० मायक्रोसेकंद होते. पाच ड्रायव्हर मागतो, त्यावर ऑप्टोचा विझण्याचा उशीर. दहामध्ये चाललं खरं, पण किती थोडक्यात चाललं हे गेज सांगत नाही. म्हणून $० २० केलं. सगळ्यात जास्त वेगाला हे बसतं का ते पाहिलं: ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिमी, गुणिले ३२०, सेकंदाला १६,००० पल्स, दोन पल्समध्ये ६२.५ मायक्रोसेकंद. त्यातले २० खाली, ४२.५ वर. ड्रायव्हरला दोन्हीकडे अडीचच पुरतात. पहिल्या संध्याकाळी उगाच बदललेले करंट, प्रवेग आणि वेग वहीतून शोधून पूर्ववत केले.

मग मित्राने विचारलं, "फक्त एक्सच का? तिन्ही ड्रायव्हर सारखेच आहेत ना?"

बरोबर होतं. ट्रेच्या प्रोग्रॅममध्ये वाय एका पासात जेमतेम दोनदा मागे-पुढे वळतो आणि झेड एकदाच वर-खाली होतो. वायची चूक सहा पासांत ०.०७५ मिमी, झेडची ०.०३. लाकडात ती कुणाच्या डोळ्यांना दिसणार? गेज झेडवर लावलं, $२ मधून झेडचा बिट अजून बाहेरच होता, आणि शंभर वेळा वर-खाली केलं. झेड ०.५० मिमी खाली उतरला होता. ४०० स्टेप प्रति मिमी, दर फेरीला दोन. $२=७ केलं, तिन्ही अक्ष पुन्हा तपासले, तिन्ही झिरोवर.

मित्र काही न बोलता आत गेला आणि महिनाभरापूर्वी केलेला एक खुंट्यांचा बोर्ड घेऊन आला. त्यात ४८ आंधळी भोकं, प्रत्येक तीन टप्प्यांत पाडलेलं, दर टप्प्याला ड्रिल वर काढून भुसा झटकलेला. ग्रबलला ड्रिलिंगचं तयार चक्र समजत नाही, त्यामुळे जी-कोड बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरने प्रत्येक टप्पा सुटा लिहिला होता. शेवटच्या भोकांत खुंट्या खोल जात होत्या. ड्रिल कोलेटमधून (ते धरणाऱ्या पकडीतून) खाली ओढलं जातंय असं समजून त्याने तेव्हा कोलेट बदललं होतं. ४८ गुणिले ३ म्हणजे १४४ फेऱ्या, दर फेरीला ०.००५ मिमी, मिळून ०.७२. त्याने व्हर्नियरची पट्टी पहिल्या भोकात घातली, मग अठ्ठेचाळिसाव्या. फरक ०.७ मिमी आला.